टीव्हीची दृष्ट

मस्कत
१२ ऑगस्ट २००४

आक्का, नमस्कार.

हे पत्र आणि सोबतची सीडी जयसिंगपूरच्या एका पाहुण्यांबरोबर पाठवतेय. ते सूरजच्याच कंपनीत आहेत, सुट्टीवर निघालेत. सीडी जपून काढ.

शरू चालायला लागली! पहिलं पाऊल पडलं तेव्हा नवा कॅमेरा नेमका सूरजच्या हातात होता, म्हणून सगळं सापडलं. सोफ्यापासून फ्रिजपर्यंत एका दमात आली आणि फ्रिजला धरून असली हसली म्हणतेस! आईनं तिला अजून पाहिलेलंच नाही. फोटोवर तिनं किती दिवस काढायचे? फार काही करायचं नाही, सीडी घालायची आणि बटण दाबायचं. तुझा तर तोच धंदा, तुला काय सांगायचं.

मागं आमचा नवा हॉल दिसेल. पडदे मी निवडलेत. रंग आवडला का, आईला विचार. तिला काय वाटलं ते सगळं सविस्तर कळव. विजयदाजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
अक्षता


गडमुडशिंगी
५ सप्टेंबर २००४

चि. अक्षता, आशीर्वाद घे आणि मग पुढचं वाच.

तुझी सीडी पोचली. ती लावायची म्हणून आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. सकाळपासून गल्लीभर सांगत फिरली. पुढच्या सोप्यात बसायला जागा उरली नाही. तबकडी आत गेली, घरघरली आणि पडद्यावर आलं, 'नो डिस्क'. पुसून घातली, पुन्हा तेच. शेजारची तानाबाई म्हणाली, "मस्कतास्नं रिकामी तबकडी पाठवलीया व्हय गं बायडाबाई?"

आईचं तोंड एवढंसं झालं. आणि बोलणी कुणाला? मला. "साऱ्या मुलखाच्या लग्नाच्या कॅसेटी करतीस, आन् घरातली एक तबकडी लावाय येईना व्हय तुला?"

बाई, तुझ्या कॅमेऱ्यानं केलेली फाइल एव्हीआय आहे. ती कॉम्प्युटरला कळते. आमच्या घरातला प्लेअर व्हीसीडीचा. त्याला एमपेग-वनच लागतं, तेही ठरलेल्या मापाचं आणि ठरलेल्या पद्धतीनं सीडीवर उतरवलेलं. नुसती फाइल सीडीत कोंबली म्हणजे व्हीसीडी होत नाही. गहू डब्यात भरले म्हणून चपाती होते का? शेवटी दुकानात नेली. तुझ्या दाजींनी एका लग्नाचं मिक्सिंग थांबवून कॉम्प्युटर मला दिला, आणि मी तुझी व्हीसीडी करून आणली.

मग आईनं बघितली. पुन्हा बघितली. दुपारी म्हशीचं पाणी विसरली आणि बघत बसली. संध्याकाळी मीठमोहऱ्या मुठीत घेऊन टीव्हीची दृष्ट काढायला लागली. "माझी शरू गं, कुणाकुणाची नजर लागली असंल!" प्लेअरचा ट्रे उघडा होता. अर्धी मूठ आत गेली. मेकॅनिकनं खोलला आणि मला विचारलं, "वैनी, फोडणी घातलीया काय ह्यात?"

हसू नकोस. माझ्या धाकट्यानं पहिलं पाऊल टाकलं ते याच अंगणात. तेव्हा आई धार काढत होती. मान वर करून बघितलं, "चालतंय की" म्हणाली आणि पुन्हा खाली घातली. दृष्ट लांबच राहिली.

पडदे आवडले म्हणे. मला विचारशील तर भडक आहेत.

तुझी आक्का,
संयोगिता


मस्कत
२० ऑक्टोबर २००४

आक्का, नमस्कार. शिव्या पोचल्या, सगळ्याच्या सगळ्या.

फोडणीचं वाचून सूरज इतका हसला की शेजारचे केरळी लोक दारात आले. पण तू रागावलीस तेही कळलं. त्या प्लेअरची चिंता सोड, आम्ही डीव्हीडी प्लेअर पाठवतोय. डीव्हीडीचं चित्र व्हीसीडीपेक्षा लखलखीत असतं असं सूरज म्हणतो. त्याला एमपेग-वन लागतं की टू, ते तू बघ. आम्ही इथूनच तयार डीव्हीडी करून पाठवत जाऊ, तुला करून घ्यायचा त्रास नको.

एक सांगू? तू मोजून दाखवतेस की आई माझी सीडी किती वेळा बघते. मी काय मोजू? आई तुला ताटात भाकरी वाढते, मला फोनवर भाकरीचं पीठ कसं मळायचं ते सांगते. शरूला ताप आला तेव्हा मी रडत होते आणि मला आई हवी होती. तेव्हा ती तुझ्या पोरांना आंघोळ घालत होती. तुझ्याकडं अख्खी आई आहे, आक्का. माझ्या सीडीचा हिशेब कसला घेऊन बसलीस?

पडदे भडक नाहीत. तुमच्या टीव्हीचा रंग चढवून ठेवलेला असणार.

तुझी,
अक्षता


गडमुडशिंगी
१४ जानेवारी २००५

चि. अक्षता, तिळगूळ पोस्टानं येत नाही, म्हणून गोड बोलणंही धरून चालू नकोस.

डीव्हीडी प्लेअर आला. आईनं त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. एवढा मान तिनं कधी जावयाला दिला नव्हता. चित्र लखलखीत आहे, खोटं कशाला बोलू? एमपेग-टू आहे ते, व्हीसीडीच्या चौपट बारकावे. तुझ्या फ्रिजवरची आंब्याचं चित्र असलेली चिकटपट्टीसुद्धा दिसते. आई बायकांना ती बोट लावून दाखवते. "ह्यो माझ्या अक्षूचा फ्रिज."

मागच्या आठवड्यात मीही एक व्हीसीडी घरी आणली. जयसिंगपूरच्या एका बड्या व्यापाऱ्याच्या लेकीचं लग्न, मी एकटीनं मिक्सिंग केलेलं. हळदीचा रंग कुठं फिका पडू दिला नाही. वरात आणि पाठवणी यांचा सांधा असा जुळवला की नवरीची आई दुकानात उभी राहून रडली. मला वाटलं, आपली आईही बघेल. मी तिच्या शेजारी बसले. पाठवणी यायच्या आधी तिचा डोळा लागला. उठल्यावर म्हणाली, "झालं व्हय? आता शरूची लाव की."

तर, होय. जळते मी. लिहून देते, सहीसकट. दीड वर्षाच्या पोरीवर जळते आणि तुझ्या फ्रिजवर पण जळते. आईच्या गोळ्या, तिचे गुडघे, तिची म्हैस, सगळं मी बघते. तू बटण दाबतेस आणि घर भरून जातं. अख्खी आई म्हणालीस ना? अख्खी आई माझ्याकडं पाठ करून टीव्हीकडं तोंड करून बसलेली असते.

तिळगूळ घे. गोड बोलणं मात्र जमेल तेव्हा बघू.

संयोगिता


मस्कत
२ जून २००६

आक्का,

वर्ष-दीड वर्ष फोनवर नुसतं 'बरं आहे, बरं आहे' चाललंय आपलं. म्हणून पुन्हा लिहायला बसले.

एक गोड बातमी आहे. शरूला भावंड येणार, दिवाळीच्या पुढं-मागं. आईनं यावं असं वाटतं. पाच-सहा महिने तरी. पहिल्या वेळी मी एकटीनं काढलं, यावेळी नाही जमणार. व्हिसा-तिकीट सगळं सूरज बघेल. तू नाही म्हणू नकोस, आधीच सांगते.

आणि हे बघ, डीव्हीडी करत बसायला आता वेळ मिळत नाही. मी कॅमेऱ्याचा नवा मोबाइल घेतलाय. शरूचे पुष्कळ तुकडे त्यावर घेतलेत, एकदम सोपं काम. गारगोटीची एक मुलगी आमच्या हॉस्पिटलात माझ्याबरोबरच नर्स आहे, ती गावी निघालीय, तिच्याजवळ मोबाइलचं मेमरी कार्ड देतेय. आईला दाखव आणि तिला माझ्याकडं यायचं पण सांग. तू सांगितलंस तर ती ऐकेल.

अक्षता


गडमुडशिंगी
९ जुलै २००६

अक्षता,

बातमी ऐकून आनंद झाला. तो लिहिला, आता बाकीचं लिहिते.

तुझं कार्ड आलं. त्यातले तुकडे थ्री-जीपी. ते मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यासाठी असतं गं, म्हणून तर फाइल इवलीशी होते. मोबाइलवर बघायला, दुसऱ्याच्या मोबाइलवर टाकायला ठीक. मी ते डीव्हीडीवर करून मोठ्या टीव्हीला लावलं, कारण आईला मोबाइलवर दिसत नाही. जेवढं चित्रात नव्हतं ते मी कुठून आणू? शरूच्या तोंडावर सगळे चौकोन चौकोन आले. ती हलली की ठिकऱ्या उडायच्या.

आई पडद्याजवळ गेली. गालावर हात फिरवला. आणि माझ्याकडं वळली. "संयू, पोरीचं त्वांड का असं फुटलंय गं? गोवर आलाय न्हवं? माझ्यापास्नं लपवालीस व्हय?"

मी परोपरीनं सांगितलं की पोर ठणठणीत आहे, फाइल बारीक आहे. ऐकेना. त्या दिवशी तिनं घास तोंडात घातला नाही. तुझा फोन लागेपर्यंत देव पाण्यात घालून बसली. तू शरूला फोनवर बोलायला लावलंस आणि ती हसली, तेव्हा कुठं हिनं भाकरी मोडली. तुला वाटलं असेल आईचा नेहमीचा फोन.

आणि नेण्याबद्दल. मला तू 'सांग' म्हणालीस. मी सांगणार नव्हते. नेऊ नकोस, हेच लिहिणार होते. पण तिनं तुझं पत्र तानाबाईच्या सुनेकडून वाचून घेतलं होतं. मी दुकानातून आले तर बॅग भरलेली. "मी जाऊन येतो की. म्हशीचं तू बघशील न्हवं?" एवढंच. माझं काय होईल हे विचारायचं तिला सुचलं नाही. म्हशीचं मात्र सुचलं.

घेऊन जा. तूच जिंकलीस.

संयोगिता


मस्कत
१८ नोव्हेंबर २००६

आक्का,

पोरगा झाला. आई आहे म्हणून सगळं सुखरूप पार पडलं. तू फोनवर नुसती 'हूं' करतेस, म्हणून लिहितेय. हे पत्र वाचताना बसून घे.

आईच्या बॅगेत चटणी, मेतकूट, शेंगा आणि लुगड्यात गुंडाळलेली एक व्हीएचएस कॅसेट निघाली. विमानतळावर तिला थांबवलं होतं म्हणे. ती कॅसेट छातीशी धरून उभी राहिली, हातातून सोडेना. वरच्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'कृष्णात पाटील, शुभविवाह, १९९९'. मी विचारलं, हा कोण कृष्णात? तर म्हणाली, "कुणाचा का असंना. लाव की."

कशावर लावू? इथं व्हीसीआर कुणाकडंही नाही. सूरजनं दोन दुकानं पालथी घातली. मी म्हटलं, आई, आता कॅसेट कोण बघतं, तुला शरूचं काहीतरी लावते. तर मला काय म्हणाली, जसंच्या तसं लिहिते:

"शरूला काय, आता डोळ्यानं बघतीया की मी. त्या कॅसेटीत माझ्या थोरलीचं नाव येतंय. शेवटाला. टीव्हीत छापून. तवा व्हीसीआर हुता, ती दुकानात गेली की दुपारी लावायची मी. आख्खं लगीन बघायची, त्या नावासाठनं."

मी विचारलं, मग तिला कधी बोलून का नाही दाखवलंस? आई माझ्यावरच खेकसली. "जवळच्या लेकराला तोंडावर नावाजू न्हाय. आपलीच नजर लागती. तू लांब हाईस, तुझं नाव घेतलं तर चालतंय."

ते ऐकून मला काय झालं, सांगू? बाळंतीण बाई मी, आठ दिवसांचं पोर मांडीवर, आणि मी तुझ्यावर जळाले. इतकी वर्षं मी कॅमेरे आणले, प्लेअर पाठवले, पडदे दाखवले. आणि ही समुद्र ओलांडून येताना काय घेऊन आली? तुझं नाव. इथल्या केरळी शेजारणीलासुद्धा खुणेनं सांगते, माझी थोरली टीव्हीचं काम करती. माझं काय काम आहे ते तिला अजून सांगता येत नाही, 'सुया टोचती' म्हणते.

आता तूच सांग, तिला ते नाव कसं दाखवू? कोणत्या फॉरमॅटमधे मागू? रोज विचारते.

अक्षता


गडमुडशिंगी
१० डिसेंबर २००६

अक्षू,

तुझं पत्र म्हशीच्या गोठ्यात वाचलं. घरात वाचलं असतं तर पोरांनी विचारलं असतं, रडतेस का म्हणून.

कृष्णात पाटलाचं लग्न म्हणजे मी पहिल्यांदा एकटीनं केलेलं मिक्सिंग. तुझे दाजी हट्टानं म्हणाले, शेवटी नाव टाक. मी लाजत लाजत टाकलं. आईला दाखवलं होतं, तेव्हा ती 'हूं' म्हणाली होती. घरातली ती कॅसेट नंतर सापडेना, मला वाटलं उंदरांनी खाल्ली. तिला अक्षर येत नाही गं. नाव कुठलं हे तिला कसं कळतं?

मूळ कॅसेट दुकानात होती. कपाटातली सगळी धूळ काढून ती शोधली. जुना व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडून अख्खी कॅप्चर केली, मोठ्या एव्हीआयमधे. ती हार्ड डिस्कवर राहील, कारण जपायचं ते नेहमी मोठं जपावं. मोठ्यातून हवं तेव्हा बारीक करता येतं, बारीक केलेलं पुन्हा मोठं होत नाही, हे तुझ्या थ्री-जीपीनं शिकवलंच आहे. त्यातून तुमच्या प्लेअरसाठी डीव्हीडी केली. एका तबकडीवर जास्त कोंबलं नाही, चित्र जितकं चांगलं येईल तितकं आणलं. तरी व्हीएचएसचा मूळचा बारीक दाणा चित्रावर दिसणारच. आईला सांग, गोवर नाही तो.

दाजी म्हणाले, नुसता शेवटचा तुकडा पाठव, थोड्यात भागेल. मी म्हटलं, नाही. आईनं अख्खं लग्न बघून नावापर्यंत पोचायची सवय लावून घेतलीय, ती मोडू नये.

आणि एक काम कर. आई बघत असताना तिचं शूटिंग घे. मोबाइलवर घेतलंस तर याद राख. कॅमेऱ्यानं घे, आणि फाइल आहे तशी पाठव. पुढचं मी करून घेईन.

भाच्याला पापा. पडदे बदलू नकोस, मला सवय झालीय त्यांची.

आक्का


मस्कत
७ जानेवारी २००७

आक्का,

फाइल आहे तशी पाठवतेय, एव्हीआय, कॅमेऱ्यातली. तिला हात लावलेला नाही. नुसतं बटण दाबून लावायला जाऊ नकोस, 'नो डिस्क' येईल!

तू विचारलंस, नाव कसं कळतं. बघ म्हणजे कळेल. मी काही लिहीत नाही. मला अजून राग आहे तुझा, थोडा.

अक्षता


गडमुडशिंगी
२८ जानेवारी २००७

ती. आईस,

हे पत्र अक्षूनं तुला मोठ्यानं वाचून दाखवायचं आहे. तिनं एकही ओळ गाळायची नाही, आवाज बसला तर पाणी पिऊन वाचायचं.

आई, मी तुला टीव्हीत बघितलं. फाइल दुकानात नेऊन मीच डीव्हीडी केली आणि संध्याकाळी घरी लावली. सोप्यात सगळे होते, तानाबाईपण होती. तू तिथं सोफ्यावर मांडी घालून बसलेली होतीस. वरात झाली, पाठवणी झाली. तुझे हात मांडीवरच. मग मी घातलेली ती सनई सुरू झाली आणि तू नाव यायच्या आधीच उठलीस. म्हणजे नाव तुला सनईनं कळतं. मी ती सनई तिथं का घातली हे मलाच आठवत नव्हतं.

तू पडद्याजवळ गेलीस आणि नावावर बोट ठेवलंस. तुझ्या बोटानं अर्धं नाव झाकलं. मग शरूला म्हणालीस, "ही माझी थोरली. संयू." तोंडावर नाही म्हणालीस, बरं. मी इथं होते, तू तिथं. नजर लागायची नाही.

तानाबाई म्हणाली, "बायडाबाई किती बारीक झालीया गं, नजर लागली असंल तिला परमुलखात."

मी स्वयंपाकघरात गेले, मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या आणि टीव्हीतल्या तुझ्यावरून ओवाळल्या. पोरं हसली. हसू देत. ट्रे मी आधी बंद केला होता.

म्हैस बरी आहे. सावकाश ये.

तुझी,
संयू